आर्मेनियातल्या गावझऱ्यावरचे स्मरणलेख: ते कसे वाचावेत आणि कसे जपावेत

प्रश्न असा आला होता: लोरी प्रांतातला हाघपातचा मठ पाहून झाल्यावर पूर्वेच्या चढावर तीन कमानींची एक जुनी दगडी वास्तू दिसली, आत झऱ्याचे पाणी आणि दगडी डोणी. पुढे रस्त्यावरच्या एका गावात नव्या बांधणीचा झरा लागला. त्याच्या पाठभिंतीवर १९४१–१९४५ असे आकडे आणि खाली नावांच्या रांगा. वाटाड्याने दोन्हींना 'स्मारक' म्हटले. तर हे स्मारक कुणाचे, त्यावर काय लिहिलेले असते, लिपी येत नसताना त्यातले काय कळू शकते, आणि बुजलेली अक्षरे घासून साफ करायला गावकऱ्यांना मदत करावी का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. घासू नका. तारेच्या ब्रशने नको, ॲसिडने नको, गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने तर मुळीच नको. कारणे पुढे येतील. शिलालेख आणि दगडी वास्तूंचे जतन हेच माझे काम आहे, आणि आर्मेनियातले असे बरेच झरे मी जवळून पाहिले आहेत. हवामानापेक्षा प्रेमाने केलेल्या सफाईने जास्त लेख गेलेले दिसतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही पाहिलेले दोन झरे सातशे वर्षांच्या अंतराने बांधलेले असले तरी परंपरा एकच आहे. आर्मेनियन माणूस मृताच्या नावाने झरा बांधतो, तेव्हा तो एक देवाणघेवाण ठरवत असतो. मी तुला पाणी देतो, तू पिताना या माणसाचे नाव घे. मध्ययुगीन लेखांत ही मागणी अगदी उघड शब्दांत असते: वाचणाऱ्यांनो, प्रभूपाशी आमची आठवण करा. म्हणजे लेख ही झऱ्याला लावलेली शोभेची पाटी नाही, तो व्यवहाराचा अर्धा भाग आहे. थडग्यापाशी वर्षातून एकदा कुणी जाईल. झऱ्यापाशी गुरे घेऊन रोज दोनदा यावेच लागते. नाव जिवंत ठेवायला याहून खात्रीची जागा डोंगराळ गावात नव्हती.

हाघपातचा झरा १२५८ सालचा. मठ त्याहून बराच जुना. राजा अशोत तिसरा याची राणी खोस्रोवानुश हिने तो दहाव्या शतकात, ९७६च्या सुमारास उभा केला. पण झऱ्याचे घर बांधले गेले तो काळ वेगळा होता. १२३६ मध्ये मंगोल लोरीत पोचले होते, त्यांच्या करांचे ओझे वाढत होते, आणि ज्या वर्षी या कमानी चढल्या त्याच वर्षी त्यांनी बगदाद पाडले. अशा काळातही मठाने हात आखडता घेतला नाही. १२४५ मध्ये घंटाघर झाले, १२५८ मध्ये झरा झाला, १२७३ मध्ये तो प्रसिद्ध 'आमेनाप्रकिच' खाचकार, म्हणजे क्रॉस कोरलेली उभी शिळा, उभी राहिली. झऱ्याच्या घराला समोरून तीन कमानी आहेत आणि आत मागच्या भिंतीला लागून लांबलचक दगडी डोणी आहेत. त्या जनावरांसाठी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या मठात हस्तलिखिते नकलली जात होती, त्याच मठाच्या गवंड्यांनी तोलामोलाच्या कमानी गाईम्हशींच्या पाणवठ्यावर चढवल्या. पर्यटक मठात दोन तास घालवतात आणि इकडे चढून येत नाहीत. तुम्ही आलात हे फार चांगले केलेत.

लोकोपयोगी काम आणि स्मरण यांची ही सांगड फक्त झऱ्यांपुरती नाही. हाघपातहून खाली उतरलात की अलावेर्दीत देबेद नदीवर एक कमानदार पूल आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस राणी वानेनीने तो आपला दिवंगत पती अबास याच्या स्मरणार्थ बांधला. सनाहीनच्या मठाजवळही याच घडणीचे झऱ्याचे घर आहे.

आणि ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा धागा इथे आहे. आरागात्स आणि गेघामा डोंगरांवर झऱ्यांच्या, तळ्यांच्या काठी 'विशाप' नावाच्या प्रचंड शिळा सापडतात. काही माशाच्या आकाराच्या, तर काहींवर पसरलेले बैलाचे कातडे कोरलेले. पुढच्या लोकांनी त्यांच्यावर क्रॉस कोरले, पण शिळा पाण्यापाशीच राहिल्या. गार्नीला एका विशापावर उरार्तू या इथल्या प्राचीन राज्याचा राजा अर्गिश्ती याचा कीलाक्षरी लेख आहे, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. त्याच्याच घराण्यातल्या मेनुआ राजाने वान शहरासाठी कालवा काढला, त्याच्या आधारभिंतींवर जागोजागी आपले नाव कोरले आणि लेख पुसणाऱ्याला शाप दिला. तो कालवा अजून पाणी वाहतो. पाणी आणावे, नाव कोरावे, नाव पुसणाऱ्याला शापावे ही त्या भूमीची फार जुनी सवय आहे.

आता वाचनाकडे वळू. लिपी येत नसेल तरी तीन गोष्टी तुम्ही जागेवर ओळखू शकता: साल, सुरुवात आणि शेवट.

सालापासून सुरू करा. आर्मेनियन लिपी मेस्रोप मश्तोत्स यांनी सुमारे ४०५ मध्ये घडवली. अक्षरे छत्तीस, आणि प्रत्येक अक्षर हा एक आकडाही आहे. पहिली नऊ अक्षरे एक ते नऊ, पुढची नऊ दहा ते नव्वद, मग शंभर ते नऊशे, मग हजार ते नऊ हजार. त्यामुळे जुन्या दगडावर तुम्हाला आकडे दिसणारच नाहीत, अक्षरेच दिसतील. ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'थो' हे अक्षर, कधी त्याच्यापुढे 'व्यो', आणि त्यानंतर दोनतीन सुटी अक्षरे, वर आडवी रेघ. ते साल. त्यात ५५१ मिळवायचे, जसे आपण शकात ७८ मिळवतो. हाघपातच्या झऱ्याचे वर्ष या गणनेत ७०७ येते, म्हणजे सातशेचे 'चा' आणि सातचे 'ए', अशी दोनच अक्षरे. ७०७ अधिक ५५१, झाले १२५८. ही गणना ११ जुलै ५५२ या दिवसापासून सुरू होते आणि तिचे वर्ष सरसकट ३६५ दिवसांचे असते, लीप वर्ष नाही. म्हणून नववर्षाचा दिवस दर चार वर्षांनी एकेक दिवस मागे सरकत जातो. लेखात महिना आणि तिथी दिली असेल तर नुसती बेरीज करून थांबू नका, कारण एका वर्षाचा फरक पडू शकतो.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. आडवी रेघ फक्त आकड्यांवर नसते. पवित्र नावांची संक्षिप्त रूपे लिहितानाही ती देतात: देव या अर्थाच्या 'आस्त्वात्स' शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर तेवढे कोरायचे आणि वर रेघ ओढायची. नवखा माणूस ते साल समजून बेरीज करायला बसतो. उपाय सोपा आहे. आकडा सहसा मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. 'आस्त्वात्स'च्या संक्षेपात आधी एकचे अक्षर येते आणि मग पन्नासचे, म्हणजे तो आकडा नाही.

सुरुवात बहुधा ठरलेली असते. 'देवाच्या इच्छेने मी अमुक, अमुकाचा मुलगा', आणि मग काय केले ते: पाणी आणले, झरा बांधला, मठाला दान दिले. कुणासाठी, तेही तिथेच येते: माझ्या आत्म्याच्या मुक्तीसाठी, आईवडिलांसाठी, अकाली गेलेल्या मुलासाठी. त्यात 'हिशाताक' म्हणजे स्मरण हा शब्द शोधा. जुन्या असोत की नव्या, झऱ्यांच्या लेखांत तो सतत भेटतो. अक्षरे मोठी आणि ताठ, पण शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि दोनतीन अक्षरांचे खांब एकमेकांत गुंतवलेले असतात. कोरणाऱ्याला दगड कमी आणि मजकूर जास्त, मग त्याने अक्षरांवर अक्षरे चढवली. गुंतलेली अक्षरे सोडवताना कागदावर एकेक खांब वेगळा काढा आणि प्रत्येक खांबाला किती फाटे, कुठल्या बाजूला, ते आधी मांडा. अर्थाच्या मागे लगेच लागलात तर हमखास चुकीचा शब्द सुचतो, आणि एकदा सुचला की डोळे तोच पाहत राहतात.

शेवटी शाप, दानलेखांत तर हमखास. जो कुणी हे दान मोडेल, पाणी अडवेल, त्याला ३१८ धर्मपित्यांचा शाप लागो, त्याचा वाटा यहूदाबरोबर (येशूचा घात करणारा) आणि काइनाबरोबर (सख्ख्या भावाला मारणारा) असो. हे ३१८ म्हणजे ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेला जमलेले बिशप, परंपरेने मानलेली संख्या. आपल्याकडे शिलाहार आणि यादवकाळच्या गधेगाळींवर दान मोडणाऱ्याला जे ऐकवले आहे, त्या मानाने ही भाषा सोवळी आहे, पण काम तेच: राजा बदलला, कारभारी बदलले, तरी दानाला राखणदार हवा. मजकूर झिजून गेला असेल आणि फक्त ३१८ची तीन अक्षरे ओळखू आली, तरी तो दानलेख होता असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते.

दुसरा झरा, १९४१–१९४५चा, वाचायला सोपा आणि सोसायला जड. अशा बांधकामाला तिकडे 'हुशाघब्यूर' म्हणतात, स्मृतिझरा. दुसऱ्या महायुद्धातून न परतलेल्या गावकऱ्यांसाठी सोवियत काळात ते गावोगाव उभे राहिले. १९६५ नंतर, म्हणजे ९ मे हा विजयदिन सुट्टीचा दिवस झाल्यावर, हे काम आणखी वाढले. त्याच वर्षी २४ एप्रिलला येरेवानमध्ये १९१५च्या, म्हणजे ऑटोमन तुर्कस्तानात झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहाराच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६७ मध्ये त्सित्सेर्नाकाबेर्दचे स्मारक पूर्ण झाले. गेलेल्यांचे नाव उघडपणे दगडावर घालण्याची मुभा मिळाल्याचे ते दिवस होते. वास्तुकार राफायेल इस्रायेल्यान (१९०८–१९७३) यांना सार्दारापातच्या स्मारकासाठी सगळे ओळखतात, पण त्यांनी लहानलहान गावांसाठी स्मृतिझरे आखले, आणि माझ्या मते त्यांची खरी कमाल तिथे दिसते. त्यांनी जुनी कमान घेतली, खाचकाराची घडण घेतली, स्थानिक दगड घेतला. सरकारी पुतळ्याची भाषा बाजूला ठेवून गावाला त्याच्या आजोबांच्या झऱ्यासारखाच झरा दिला. चर्चमध्ये मेणबत्ती लावणे अवघड असलेल्या काळात आई आपल्या मुलाच्या नावाखाली पाण्याचा घडा भरू शकत होती.

नावांची यादी वाचताना आडनावांकडे पाहा. एकच '-यान' आडनाव पाचसहा वेळा आले तर तो एकच वाडा असण्याची शक्यता मोठी. नावाच्या आधी किंवा नंतर येणारे सुटे अक्षर बापाच्या नावाचे असते. तेच अक्षर दोन ओळींत असेल तर ते सख्खे भाऊ असू शकतात. गावात विचारा, लोक सांगतात. अलीकडच्या झऱ्यांवर दुसरी नावे भेटतील: ७ डिसेंबर १९८८च्या स्पिताक भूकंपात गेलेली माणसे, अझरबैजानशी झालेल्या काराबाखच्या युद्धांत गेलेली मुले, २०२० सालच्या ४४ दिवसांच्या युद्धातली तर अगदी विशीतली. काळ्या घोटीव दगडावर चेहरा कोरलेला असतो. अनेकदा जुन्या स्मृतिझऱ्याच्याच बाजूला नवी शिळा लावलेली दिसते. पाणी तेच, यादी वाढलेली. शहरात हेच काम रस्त्याकडेचे छोटे 'पुलपुलाक' करतात, घरच्यांनी आपल्या माणसाच्या नावाने लावलेले पिण्याच्या पाण्याचे दगडी खांब.

नव्या शिळेवर साल नसेल तर शुद्धलेखन मदत करते. १९२२ मध्ये सोवियत आर्मेनियात लेखनपद्धती बदलली. 'हिशाताक' हा शब्द जुन्या पद्धतीत 'यी' अक्षराने सुरू होतो, नव्या पद्धतीत 'हो' अक्षराने. विदेशांत विखुरलेले आर्मेनियन लोक अजून जुनीच पद्धत वापरतात. त्यामुळे चकचकीत नवा दगड आणि जुने शुद्धलेखन असे दिसले, तर पैसा बैरूत, पॅरिस किंवा लॉस एंजेलिसकडून आला असावा असा अंदाज बांधायला हरकत नाही.

आर्मेनियाच्या आजच्या सीमेबाहेरचा एक झरा सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही, कारण तिथे लेखापेक्षा पाणीच बोलते. पूर्व तुर्कस्तानात एलाझिग प्रांतात, पालूच्या परिसरात हाबाप नावाचे गाव आहे, आर्मेनियन लोक त्याला हवाव म्हणत. आजचे सरकारी नाव एकिनोझू. १९१५ पूर्वी ते आर्मेनियन गाव होते. तिथली हेरानुश ही मुलगी हद्दपारीच्या वाटेवर आईपासून तोडली गेली, एका मुस्लिम घरात सेहेर या नावाने वाढली, आणि म्हातारपणी आपल्या नातीला तिने खरे नाव सांगितले. ही नात म्हणजे वकील फेथिये चेतिन. त्यांनी आजीची गोष्ट २००४ मध्ये तुर्की भाषेत प्रसिद्ध केली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने, ह्रांत दिंक फाउंडेशनच्या साथीने, गावातले दोन जुने आर्मेनियन झरे २०११ मध्ये दुरुस्त झाले. या भागात आर्मेनियन वास्तू पुरलेल्या सोन्याच्या आशेने खणून काढण्याचा रोग जुना आहे. दगड हलले की पाण्याची वाट मोडते. दुरुस्तीच्या कामात तुर्की आणि आर्मेनियन तरुण एकत्र राबले. झरा बांधणारे घराणे तिथून नाहीसे झाले आहे, पाणी भरणारे लोक दुसऱ्या धर्माचे आणि दुसऱ्या भाषेचे आहेत, तरी ती जुनी देवाणघेवाण पुन्हा चालू झाली. जतनाच्या क्षेत्रातले याहून मोलाचे काम मला फारसे आठवत नाही.

यातूनच मी जतनाचा माझा क्रम ठरवला आहे: आधी पाणी, मग भिंत, सगळ्यात शेवटी अक्षरे. झऱ्याचा उगम, नळ्या आणि सांडव्याची वाट तपासल्याशिवाय लेखाला हात लावायचा नाही. सांडवा तुंबला की पाणी भिंतीत मुरते. हिवाळ्यात लोरीच्या डोंगरात ते गोठते, फुगते आणि दगडाचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. टफ दगडात, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडात, हे फार लवकर होते, कारण तो सच्छिद्र असतो. बेसॉल्ट जास्त काळ टिकतो, पण त्याच्याही सांध्यांतून पाणी शिरते. सांधे सिमेंटने भरले असतील तर परिस्थिती आणखी बिघडते. ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती दगडातून बाहेर येते आणि येताना क्षार आणून पृष्ठभाग फोडते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

अक्षरांवरच्या पांढऱ्या थराचे पाहा. तो पाण्यातला चुना असतो, तुषार उडून उडून साचलेला. बघवत नाही हे खरे, पण पुष्कळदा त्याच थराखाली छिन्नीची मूळ धार शाबूत असते. तारेचा ब्रश आधी चुना काढतो आणि त्याच दमात अक्षराची कडही काढतो. दगडफुलाचेही तसेच: ते दगडाच्या कणांत मुळे घालून बसलेले असते, ओढले की कण घेऊन निघते. कोरडा मऊ ब्रश, साधे पाणी आणि लाकडी काडी, याच्यापुढचे सगळे प्रशिक्षित माणसासाठी सोडा. गावकऱ्यांना खरोखर मदत करायची असेल तर सांडव्यातला गाळ काढा, भिंतीत घुसू पाहणारी झुडपे लहान असतानाच कापा, डोणीतले प्लास्टिक उचला. महायुद्धाच्या यादीतली अक्षरे गाव स्वतः रंगवते, तो त्यांचा हक्क आहे. तिथे शास्त्र शिकवायला जाऊ नये.

वाचण्यासाठी घासण्याची गरजच पडत नाही. कमानीच्या आत दुपारीही अंधार असतो, त्याचा फायदा घ्या. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाका. समोरून सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात. मग टॉर्च वरून, खालून, दुसऱ्या बाजूने धरून प्रत्येक वेळी एक फोटो घ्या, कॅमेरा न हलवता. उभ्या रेघा एका प्रकाशात दिसतात, आडव्या दुसऱ्यात. खडू किंवा कोळसा अक्षरांत भरू नका. तो निघत नाही, आणि तुम्ही जे वाचले तेच पुढच्या माणसाला दिसत राहते. एक फोटो लांबून, पूर्ण भिंतीचा, पाण्याच्या तोंडासकट घ्या. लेख पाण्याच्या वर आहे की बाजूला, मूळ जागी आहे की दुसरीकडून आणून बसवला आहे, हे मजकुराइतकेच महत्त्वाचे आहे. घरी आल्यावर आर्मेनियन शिलालेखांच्या 'दिवान' या ग्रंथमालेत तो लेख आला आहे का ते एखाद्या जाणकाराकरवी पाहून घ्या. १९६६ मध्ये आनी शहराच्या खंडापासून ती निघू लागली आणि प्रांतवार लेख देते. लेख तिथे असेल तर तुमचा फोटो दगडाची आजची स्थिती सांगेल. नसेल तर तो पहिलीच नोंदही ठरू शकतो.

सराव करायला आर्मेनियाला जायलाही नको. सुरतेच्या आर्मेनियन दफनभूमीत कोरीव शिळा आहेत. चेन्नईत सैदापेटला ख्वाजा पेत्रोस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने १७२६ मध्ये अड्यार नदीवर पूल बांधला, त्याचा लेख आहे. पूल नवा झाला, दगड राहिला. मात्र भारतातल्या लेखांत एक वेगळी अडचण येते. इस्फहानजवळच्या नव्या जुल्फातून आलेले हे व्यापारी कधीकधी अझारियाची गणना वापरत. तीत वर्षाचा आकडा लहान असतो आणि ५५१ऐवजी १६१५ मिळवावे लागतात. बेरीज करून साल सहाव्या किंवा सातव्या शतकातले यायला लागले, तर दगड तेवढा जुना नाही. ही दुसरी गणना लावून पाहा.